पाण्याची उतरंड

श्रीलंकेच्या उत्तर-मध्य भागात डिसेंबर महिन्यात एखाद्या लहानशा तलावाचा सांडवा वाहू लागतो, तेव्हा त्याची सगळ्यात जास्त वाट खालचं गाव पाहत असतं. सांडव्यावरून सुटलेलं पाणी ओहोळाला लागतं. वरच्या गावाच्या भातखाचरांतून निथळलेलं पाणी वाटेत त्याला येऊन मिळतं आणि सगळं मिळून थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या तलावात शिरतं. तो भरला की त्याचा सांडवा, त्याखाली तिसऱ्या गावाची खाचरं, तिसरा तलाव. एकाच उथळ खोऱ्यात असे चार, सहा, कधी दहा तलाव एकाखाली एक बसलेले असतात. पहिल्या गावाने भाताला दिलेलं पाणी चौथ्या गावात पुन्हा भाताला मिळतं.

सिंहली भाषेत या रांगेला एल्लंगावा म्हणतात. मला ती पाण्याची उतरंड वाटते. घरातल्या उतरंडीत लहान मडकं वर आणि मोठं तळाशी असतं. इथेही बहुधा डोक्याकडचे तलाव लहान आणि खोऱ्याच्या तळाशी असलेला मोठा. तळाकडच्या तलावाला वरच्या सगळ्यांचं उरलेलं पाणी पोटात घ्यायचं असतं, म्हणून त्याला तेवढं पोट लागतं. गंमत अशी की सरकारी दप्तरात हे तलाव वर्षानुवर्षं सुटे सुटे नोंदले गेले. प्रत्येकाचं नाव वेगळं, पाळीची लांबी वेगळी, लाभक्षेत्र वेगळं. ते एकाच यंत्राचे भाग आहेत ही गोष्ट श्रीलंकेचे भूगोलतज्ज्ञ सी. एम. मद्दुम बंडारा यांनी १९८५ मध्ये नीट मांडली. शेतकऱ्यांना ती आधीपासून ठाऊक होती.

आता हे यंत्र इथेच का उभं राहिलं, ते पाहू. श्रीलंका म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो नैऋत्येकडचा ओला, हिरवागार कोपरा. पण बेटाचा मोठा भाग कोरड्या विभागात मोडतो. अनुराधापूर जिल्हा त्याच्या मधोमध आहे. देशाच्या २५ जिल्ह्यांत क्षेत्रफळाने हा सर्वांत मोठा, ७,१७९ चौरस किलोमीटरचा. तिथे वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा वाईट नाही, पण यातला बहुतेक पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांत उरकतो. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारा मधल्या डोंगरांवर आपलं पाणी टाकून इकडे पोचतो तो कोरडा आणि तापलेला. जमिनीखाली कठीण स्फटिकी खडक आहे. मुरलेलं पाणी वरच्या झिजलेल्या थरात थोडंसं साठतं, तेवढंच. लहान नद्या पावसापुरत्या वाहतात. म्हणजे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, अशा जमिनीवर भात पिकवायचा आहे.

मोठं धरण बांधायचं तर खोल दरी लागते. इथे दरीच नाही. जमीन हलक्या लाटांसारखी वर-खाली होते आणि दोन लाटांच्या मधे उथळ खोरं असतं. अशा जागी पाणी अडवलं की ते खोल साठण्याऐवजी पसरतं. पाळीजवळ दोन-तीन पुरुष पाणी आणि थोडं वर गेलं की गुडघाभर. पसरलेलं पाणी उन्हाचं आयतं भक्ष्य. कोरड्या वाऱ्यात दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी हवेत उडतं असं धरलं, तर सहा महिन्यांत जवळपास एक मीटर. तीन मीटरच्या तलावातलं एक मीटर नुसतं ऊन पिऊन टाकणार! साध्या हिशेबाने हा धंदा बुडीत ठरायला हवा होता. तो बुडाला नाही, उलट दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालला. आणि याचं उत्तर पाण्यात जितकं आहे तितकंच तलावाभोवतीच्या झाडांत, गवतात, खड्ड्यांत आहे.

वरून खाली चालत येऊ. खोऱ्याच्या डोक्याला रान असतं. त्या रानात, मुख्य तलावाच्या वर, एक छोटं तळं खोदलेलं सापडतं, कुळुवेवा. त्याच्याखाली एकही खाचर नाही. ते गाळ अडवण्यासाठी आणि रानातल्या जनावरांना पाणी मिळावं म्हणून केलेलं. हत्तीला, हरणाला वरच पाणी मिळालं तर ती खाली गावाकडे कमी येतील, हा हिशेब त्यात आहे. मग गोडवळा नावाचे खड्डे लागतात. वाहत आलेली माती त्यांत बसते. मग मातीचा बुटका बांध, इस्वेटिया, तो उतारावरची धूप तलावात येऊ देत नाही. त्याखाली गवताचा पट्टा, पेरहना. पाणी त्यातून गाळून पुढे जातं. आणि अगदी तलावाच्या काठाला, पाळीच्या समोरच्या बाजूला, झाडांची दाट रांग: गस्गोम्मना. यात कुंबुक असतो, म्हणजे आपला अर्जुन. पाणी वाढलं की त्याची मुळं बुडतात आणि त्या मुळांच्या जाळीत मासे अंडी घालतात. पण मुख्य काम वेगळंच. पाण्यावरून धावणारा कोरडा वारा ही झाडं रोखतात. वारा मंदावला की वाफ कमी. उन्हाने पळवलेलं पाणी वाचवायला शेतकऱ्याने झाडांची भिंत उभी केली आणि ती भिंत त्याला लाकूडफाटा, फळं, औषधंही देत राहिली.

पाळ ओलांडून पलीकडे उतरलं की आणखी एक पट्टा लागतो. त्याने मला सर्वांत जास्त थक्क केलं. त्याचं नाव कट्टकडुवा. पाळ आणि पहिलं खाचर यांच्या मधली ही जमीन मुद्दाम पडीक ठेवलेली असते. तलाव कितीही चांगला बांधा, पाळीखालून पाणी पाझरतंच, आणि या मातीतून झिरपताना ते क्षार घेऊन येतं. ते थेट खाचरात शिरलं तर काही वर्षांत भात जळायला लागेल. म्हणून त्याच्या वाटेत रान ठेवायचं: मोहाची झाडं, अर्जुन, केवड्याची जाळी. मुळं पाझर शोषतात आणि क्षाराचा जोर कमी होतो. उरलेलं मचूळ पाणी खोऱ्याच्या सर्वांत सखल रेषेतल्या चरातून, कियुल एळेतून, खाचरांना वळसा घालून निघून जातं. एकाच तलावातून दोन पाणी बाहेर पडतात, गोडं आणि मचूळ, आणि दोघांच्या वाटा वेगळ्या. जमिनीच्या भुकेल्या माणसांनी पाळीच्या पायथ्याची सर्वांत ओलसर जागा शेकडो वर्षं नांगराविना सोडली, ही गोष्ट मला एखाद्या भव्य स्तूपाइतकीच मोठी वाटते.

गावाची घरं, म्हणजे गंगोडा, बहुधा पाळीच्या एका टोकाला, थोड्या उंचवट्यावर. त्यांच्या विहिरींना तलावाचाच पाझर. घरांभोवती तिस्बंबे हा सावलीचा मोकळा पट्टा. तिथे आंबा, नारळ आणि पुन्हा मोह. गावाच्या म्हशी तिथे बसतात. मोहाच्या फुलाफळांसाठी वटवाघळं येतात, त्यांची विष्ठा खत होते. तलावात कमळं आणि ओलु नावाची पांढरी कुमुदं. ओलुच्या बिया दुष्काळात तांदळासारख्या शिजवून खातात. माशांत मरळ जुना रहिवासी. तिलापिया १९५२ मध्ये बाहेरून आणून सोडला आणि आज गावच्या ताटात तोच जास्त दिसतो. खाचरांच्या शेवटी एक तुकडा पाखरांसाठी राखायचीही रीत होती, कुरुळु पालुवा. त्यातलं पीक कापायचं नाही.

पाणी सोडण्याची युक्तीही पाहण्यासारखी. लहान तलावांत भाजलेल्या मातीच्या कड्या एकावर एक रचून उभी नळी केलेली असे. पाणी खाली जाईल तशी वरची एकेक कडी काढायची, म्हणजे पाणी नेहमी पृष्ठभागावरचंच जातं आणि तळाच्या दाबाशी झगडावं लागत नाही. राजांच्या मोठ्या तलावांना ही युक्ती पुरणार नव्हती. दहा-बारा मीटर खोलीवरचं पाणी मोरीतून सुटलं तर पाळच फोडून टाकेल. त्यासाठी सिंहली कारागिरांनी पाळीच्या आत दगडी शिळांची चौकोनी विहीर बांधली, बिसोकोटुवा. पाणी आधी त्या विहिरीत येतं, तिथे त्याचा जोर मोडतो, मग ते शांतपणे पुढे जातं. एकोणिसाव्या शतकात इथे काम केलेले पाटबंधारे अभियंता हेन्री पार्कर यांनी ही रचना पाहून सांगितलं की आजच्या झडप-विहिरीचं मूळ तत्त्व या लोकांना दोन हजार वर्षांपूर्वीच गवसलं होतं.

त्या मोठ्या तलावांतला कला वेवा (वेवा म्हणजे तलाव) पाचव्या शतकातल्या धातुसेन राजाचा. तिथून अनुराधापूरच्या तिसा वेव्यापर्यंत ८७ किलोमीटरचा कालवा जातो, जय गंगा. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात एका किलोमीटरला उतार आहे जेमतेम दहा सेंटीमीटर. पातळी मोजण्याचं कोणतं साधन वापरून ही रेघ आखली असेल, या विचाराने आजचे अभियंतेही त्या काठावर थबकतात. चूलवंस या पाली बखरीत एक कथा आहे. धातुसेनाचा मुलगा कश्यप, सिगिरियाच्या कड्यावर महाल बांधणारा, बापाला कैद करून खजिना कुठे आहे म्हणून विचारतो. राजा कला वेव्यावर नेण्याची विनंती करतो, पाण्यात उतरतो, ओंजळीत पाणी घेतो आणि आपली सगळी संपत्ती हीच म्हणून दाखवतो.

मात्र अनुराधापूरची राजधानी दहाव्या शतकाच्या अखेरीस चोळांच्या स्वारीत पडली, त्यानंतरची राजधानी पोलोन्नरुवा तेराव्या शतकात. मोठ्या पाळी फुटल्या, जय गंगेत रान माजलं. लहान गावं आणि त्यांचे तलाव मात्र पुष्कळ ठिकाणी चालूच राहिले. त्यांची पाळ मातीची होती, फुटली तर गावच ती भरून काढी. अशा पाण्याच्या व्यवस्थेला एकहाती, करडी राजसत्ता लागतेच, असा सिद्धांत कार्ल विटफोगेल यांनी १९५७ मध्ये मांडला होता. एडमंड लीच या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये श्रीलंकेच्या तलावांचाच दाखला देऊन त्याला उत्तर दिलं.

अशा राजसत्तेशिवायही तलाव चालतात, हे लीच यांना कळलं होतं ते एका अगदी छोट्या गावात. पुल एलिया, अनुराधापूरच्या उत्तरेकडचं, १९५४ मध्ये जेमतेम दीडशे वस्तीचं. तिथल्या एकेका खाचराची मालकी त्यांनी जुन्या सरकारी नोंदींशी ताडून पाहिली आणि १९६१ च्या पुस्तकात मांडली. त्यांना दिसलं की नाती जुळतात-तुटतात, वाटण्या होतात, पण तलाव, पाट आणि खाचरांची आखणी जागची हलत नाही. माणसांनाच त्या आखणीत बसावं लागतं. पाण्याच्या वाटपासाठी पाटात लाकडाचा ओंडका आडवा घालत आणि त्यात खाचा कोरत. ज्याचा वाटा, म्हणजे पंगुवा, जेवढा, तेवढी खाच रुंद. पहारा नको, घड्याळ नको. पाणी कमी आलं तरी प्रत्येकाच्या खाचेतून त्याच प्रमाणात कमी जाणार.

याहून पुढची पायरी दुष्काळाची. जुन्या खाचरांत प्रत्येक कुटुंबाचा तुकडा वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात विखुरलेला असे, म्हणजे पाळीजवळचं सुख आणि टोकाचं दुःख सगळ्यांच्या वाट्याला. पण एखाद्या वर्षी तलाव अर्धाच भरला, तर सगळी जमीन भिजणार नाही. तेव्हा बेत्मा ठरतो. पाळीजवळची, पाणी पोचेल तेवढीच जमीन त्या हंगामापुरती सगळ्या वाटेकऱ्यांत नव्याने वाटायची. मालकी बाजूला राहते. ज्याची जमीन खाली कोरडी पडणार आहे, तोही वरच्या माणसाच्या जमिनीत पेरतो. हंगाम संपला की जमीन ज्याची त्याला परत. हा निर्णय होतो तो हंगामाआधीच्या कन्न बैठकीत, जिथे पेरणी कधी, पाणी कधी सोडायचं, कुंपण कोणी कुठवर घालायचं हे ठरतं. अंमल पाहायचा वेल विदाने या पाणी-कारभाऱ्याने. आज त्याच्या जागी शेतकरी संघटनेचे पदाधिकारी आहेत, बैठक मात्र होते. आणि भीती किंवा कृतज्ञता वाटेल तेव्हा पाळीवरच्या झाडात मातीची मडकी ठेवून अय्यनायक देवाला दूध उतू घालतात. हा तलावांचा राखणदार तमिळ गावांच्या अय्यनारचाच भाऊबंद.

आज या भागातून ए-९ रस्त्याने उत्तरेकडे गेलं तर मेदवच्चिया लागतं, पुढे वव्हुनिया. दक्षिणेकडे तिरप्पने, मरदनकडवला, केकिरावा. आडवाटेला होरोव्पताना. बसथांबा, बँक, ट्रॅक्टरच्या भागांची दुकानं, म्हशीच्या दह्याची मडकी, आठवडी बाजार आणि कृषी सेवा केंद्र, एवढ्यावर ही गावं बाजाराची ठिकाणं म्हणून उभी आहेत. सिंहली वेवा, तमिळ कुळम, मुसलमान शेतकऱ्यांची गावं, सगळी याच खोऱ्यांत. जिल्ह्यांच्या सीमा नकाशावर रेघेने ओढल्या आहेत. पण वरचं गाव आणि खालचं गाव यांचं नातं पाण्याच्या उताराने ठरतं, मग मधे कोणतीही हद्द येवो.

हे नातं तुटायला लागलं ते सरकारी निर्णयांनी. गावकऱ्यांकडून पाळीची दुरुस्ती करून घेण्याचा जुना आधार म्हणजे राजकारिया ही सेवेची सक्ती. ब्रिटिशांनी ती १८३२ मध्ये रद्द केली. सक्ती जाणं माणुसकीचंच होतं, पण तिच्या जागी काहीच आलं नाही आणि पाळी खचू लागल्या. १८५६ मध्ये कायदा करून भातशेतीच्या जुन्या रूढींना पुन्हा मान्यता द्यावी लागली. कला वेव्याची दुरुस्ती १८८७ मध्ये झाली. विसाव्या शतकात महावेली नदीचं पाणी या कोरड्या भागात वळवणारी मोठी योजना आली. लाखो लोकांना तिने जमीन आणि पाणी दिलं. पण कला वेव्याखालच्या भागात कित्येक लहान तलाव सपाट होऊन त्यांची खाचरं झाली. नंतर उत्तरेत युद्धाची जवळजवळ तीन दशकं, माणसं उठून गेलेली, पाळी फुटलेल्या.

काही नुकसान चांगल्या हेतूंनी झालं. एखाद्या तलावाला निधी मिळतो. पाणी जास्त साठावं म्हणून सांडव्याची उंची फूटभर वाढवली जाते. कागदावर साठा वाढला. प्रत्यक्षात पाणी मागे पसरतं, वरच्या गावाची शेवटची खाचरं बुडतात किंवा खारावतात. गस्गोम्मनाची झाडं मुळांपाशी पाणी तुंबून मरतात, मग वारा मोकळा होतो. पसरलेलं पाणी जास्त उडतं. आणि खालचा तलाव, जो या सांडव्याच्या पाण्यावर जगत होता, तो डिसेंबर उलटला तरी भरत नाही. एका फुटाने चार गावांचं गणित बिघडतं. कट्टकडुव्याची झाडं तोडून तिथे भात लावला तर क्षार आत येतात. यात भर म्हणून १९९० च्या दशकापासून मेदवच्चिया, पदविया या भागांत नेहमीच्या कारणांनी न होणारा मूत्रपिंडाचा आजार पसरला आहे. विहिरीशेजारी राहणारी कुटुंबं आता शुद्ध केलेलं पाणी विकत आणून पितात. तलावाकाठच्या माणसाला पिण्याचं पाणी विकत घ्यावं लागणं, याचं दुःख आकड्यात मावणारं नाही.

श्रीलंकेत लहानमोठे, चालू आणि मोडलेले मिळून तीस हजारांच्या घरात तलाव असल्याचं सांगतात. ८० हेक्टरपेक्षा कमी लाभक्षेत्राचे तलाव कृषी विकास खात्याकडे येतात, म्हणजे जवळपास सगळी गावतळी. जागतिक अन्न व कृषी संघटनेने या तलाव-गाव रचनेला शेतीचा जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे. त्याहून मोलाची गोष्ट घडली ती अनुराधापूर जिल्ह्यातल्या कपिरिग्गम इथे. तिथे गेल्या दशकात एकेक तलाव सुटा दुरुस्त न करता सगळी उतरंड एकत्र हाती घेतली गेली. पाळी आणि सांडवे तर झालेच, शिवाय झाडांचे पट्टे आणि गाळ अडवणाऱ्या वरच्या रचनाही परत आणायचं ठरलं.

गाळ काढण्याचाही शहाणा मार्ग इथल्या अभ्यासकांनी सुचवला आहे. तलावाचा सगळा तळ खरवडण्याऐवजी गाळ पाळीजवळच्याच भागातून खोल काढायचा आणि तो वरच्या उथळ काठावर टाकायचा. तेवढंच पाणी मग कमी जागेत, खोल राहतं. ऊन कमी पितं, वरच्या गावाची खाचरं बुडत नाहीत, आणि सांडव्याची उंची होती तेवढीच राहिल्याने खालच्या गावाचं पाणीही अडत नाही. नव्याने भर घातलेल्या त्या काठावर अर्जुनाची रोपं लावता येतात. हे काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करायचं असतं, तळ उघडा पडलेला असताना, ऑक्टोबरचा पहिला पाऊस येण्याआधी.